पोलिसाच्या जागी कोण? अमली पदार्थांचे सेवन, आरोग्य आणि न्याय यांविषयी एक संवाद

अमली पदार्थांचे सेवन हा गुन्हा मानावा की आजार, या प्रश्नावरची भारतातील चर्चा बहुधा एखाद्या गाजलेल्या छाप्यानंतर सुरू होते आणि आरोपींना जामीन मिळाला की विरून जाते. त्यामुळे मूळ कायदा काय म्हणतो, इतर देशांनी तो बदलला तेव्हा काय घडले आणि त्या अनुभवाचा कोणता भाग इथे लागू पडतो, याचा विचार मागेच राहतो. भारतातील मूळ कायदा म्हणजे ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’, जो न्यायालयांत आणि पोलीस ठाण्यांत एनडीपीएस या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. त्याचे कलम २७ निव्वळ सेवनाला शिक्षा सांगते: हेरॉईन, मॉर्फिन, कोकेन अशा पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गांजासारख्या इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःच्या सेवनापुरता अल्प साठा गुन्ह्याच्या कक्षेतून वगळावा, अशी शिफारस केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने केल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या होत्या. कायदा मात्र आहे तसाच राहिला.

गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणे म्हणजे पदार्थाच्या विक्रीला परवानगी देणे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. विक्री, उत्पादन आणि तस्करी हे गुन्हेच राहतात, पदार्थ जप्तही होतो; फक्त तो स्वतःसाठी बाळगणाऱ्या किंवा घेणाऱ्या माणसावर फौजदारी खटला चालत नाही. पुढील संवादातील दोन व्यक्ती कल्पित आहेत, परंतु त्यांच्या भूमिका या क्षेत्रात रोज ऐकू येणाऱ्या आहेत. एक, सत्र न्यायालयात एनडीपीएसचे खटले चालवून निवृत्त झालेले सरकारी वकील. दुसऱ्या, व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या मनोविकारतज्ज्ञ.

वकील : डॉक्टर, दंडाधिकाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या एखाद्या कळकट, थरथरणाऱ्या मुलाविषयी सगळ्यांनाच कणव वाटते, पण कायदा एका मुलाकडे पाहून केला जात नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ राज्याला मादक पेये आणि आरोग्याला अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास सांगतो. शिवाय अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत सामील आहे आणि त्याच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार वैयक्तिक सेवनासाठी हे पदार्थ बाळगणे हा गुन्हा ठरवण्याची जबाबदारी, आपापल्या घटनात्मक तत्त्वांच्या अधीन राहून, सदस्य राष्ट्रांवर आहे. कलम २७ काढून टाकणे म्हणजे या दोन्ही वचनांपासून माघार घेणे नव्हे काय?

डॉक्टर : वकीलसाहेब, अनुच्छेद ४७ च्या त्याच वाक्याचा पूर्वार्ध लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य मानतो, आणि बंदीचा उल्लेख त्या कर्तव्याचा एक भाग म्हणून नंतर येतो. बंदी राबवण्याच्या रीतीनेच आरोग्याची हानी होत असेल, तर ती रीत तपासायला घटना आडवी येत नाही. १९८८ च्या करारातही, त्याच तिसऱ्या अनुच्छेदात, सेवनकर्त्याला दोषी ठरवण्याऐवजी किंवा शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन देण्याची मुभा आहे. आणि आपला कायदा तरी कुठे सरसकट आहे? गांजाची व्याख्या करताना त्याने झाडाचे फुलांचे आणि फळांचे शेंडे धरले आणि नुसती पाने सोडून दिली, म्हणून भांग या कायद्यातून निसटली. २०१८ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.२ कोटी लोक भांग घेत होते. त्यांना गुन्हेगार मानले नाही म्हणून आभाळ कोसळले नाही.

(महाराष्ट्राच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरणही आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही, नाव बदलून, राज्यात लागू आहे. दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकणारी परमिट रूम ही संस्था त्यातूनच उभी राहिली. निषेध आणि परवाना एकाच पुस्तकात नांदू शकतात, हे या राज्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही.)

तत्त्वाची ही देवाणघेवाण झाल्यावर डॉक्टरांनी चर्चा मुंबईच्या न्यायालयांकडे वळवली. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत मुंबईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाली काढलेल्या दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील बहुतेक सर्व प्रकरणे सेवनाची, त्यांतही प्रामुख्याने गांजाच्या सेवनाची निघाली, आणि आरोपींनी गुन्हा कबूल करून दंड भरल्याचे आढळले. पकडले गेलेले बहुसंख्य लोक रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे होते. यामागचा हिशेब साधा आहे: खटला लढवायचा तर वकिलाची फी दंडाहून मोठी, शिवाय प्रत्येक तारखेला बुडणारा रोज, म्हणून माणूस ‘कबूल आहे’ म्हणतो आणि सुटतो. शिक्षेची नोंद मात्र राहते, आणि पुढे सरकारी नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ती पुढ्यात येते. उच्चभ्रू वस्तीतल्या बंद फ्लॅटमध्ये ओढलेला गांजा या आकड्यांत सहसा येत नाही, कारण हवालदाराची गस्त तिथे पोहोचत नाही.

वकील : यात आकडे फुगवण्याचा मोह आहे, हे नाकारता येणार नाही. वर्षअखेरीस कारवायांची संख्या दाखवायची असते आणि गांजाची चिलीम ओढणारा सर्वांत सहज सापडतो. पण पुडी घेणाऱ्याला हात लावल्याशिवाय पुडी विकणाऱ्याचे नाव बाहेर येत नाही. सेवन हा गुन्हाच उरला नाही, तर तपासाची पहिली पायरीच निखळेल आणि पोलीस आंधळे होतील.

डॉक्टर : पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती तपास जातो? ज्या प्रकरणात पहिल्याच फेरीत गुन्हा कबूल झाला आणि दंड भरला गेला, त्यात विक्रेत्याचा शोध घेण्याचे कारणच संपते. शिवाय या कायद्याखालील अधिकाऱ्यांपुढे कलम ६७ अन्वये दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात ठरवले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. तो पकडला गेला विक्रीच्या साखळीचा पाठपुरावा केल्यामुळे. असे छापे घालणारे मनुष्यबळ चिलीमवाल्यांचे पंचनामे लिहिण्यात गुंतवणे हे शहाणपणाचे नाही.

येथे डॉक्टरांनी आरोग्याच्या बाजूचा जो मुद्दा मांडला तो या साऱ्या वादाचा गाभा म्हणावा लागेल. सुई टोचून अमली पदार्थ घेणारे लोक एकच सुई वाटून वापरतात आणि त्यातून एचआयव्ही व हेपॅटायटिस सी पसरतो. भारतात २०१७ च्या पाहणीनुसार अशा लोकांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ६ टक्क्यांहून अधिक होते, तर सर्व प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२२ टक्के होते. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना त्यांना निर्जंतुक सुया पुरवते आणि हेरॉईनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज देखरेखीखाली देते. यालाच हानी न्यूनीकरण म्हणतात: व्यसन आज सुटत नसेल, तर निदान त्यातून होणारा संसर्ग आणि मृत्यू टाळणे. एकाच शासनाचा आरोग्य विभाग त्या माणसाला केंद्रावर बोलावतो आणि गृह विभाग त्याच केंद्राच्या वाटेवर त्याला पकडू शकतो. मग त्याने केंद्रावर यावे तरी कसे? अतिसेवनाने एखादा बेशुद्ध पडला, तर सोबतचे लोक त्याला रुग्णालयाच्या दारात टाकून पळून का जातात, याचेही उत्तर याच भीतीत आहे.

वकिलांनी या मुद्द्याला थेट उत्तर दिले नाही. त्यांनी विचारले की, शिक्षा काढून टाकल्याने हे सारे सुधारले, असा एक तरी देश दाखवता येईल काय. आणि डॉक्टरांनी, या विषयावरचा कोणीही माणूस देईल तेच, पोर्तुगालचे नाव दिले.

पोर्तुगालमध्ये जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही १९७४ च्या क्रांतीने संपली, आफ्रिकेतील वसाहतींतून सैनिक आणि वसाहतकार लाखोंच्या संख्येने परतले, आणि बंदिस्त समाज एकाएकी खुला होत असतानाच तिथे हेरॉईन शिरले. नव्वदच्या दशकाअखेर सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या देशात हेरॉईनच्या गंभीर व्यसनात सापडलेल्यांची संख्या एक लाखाच्या आसपास अंदाजली जात होती, लिस्बनमधील कझाल व्हेंतोझू या वस्तीत दिवसाढवळ्या खुला बाजार भरत होता, आणि सुयांवाटे पसरणाऱ्या एचआयव्हीचे प्रमाण युरोपीय संघात सर्वाधिक प्रमाणांत मोडत होते. अंतोनियो गुतेरेश यांच्या सरकारने (हेच पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले) १९९८ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्या सदस्यांत अल्गार्व्ह भागातील जुआंव गुलांव हे कौटुंबिक डॉक्टर होते, जे पुढे अनेक वर्षे या धोरणाचा चेहरा बनले. समितीच्या शिफारशींवर आधारलेला कायदा १ जुलै २००१ पासून लागू झाला. त्यानुसार सरासरी दहा दिवस पुरेल इतका पदार्थ, मग तो कोणताही असो, स्वतःसाठी बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. पोलीस मात्र तो जप्त करतात आणि त्या माणसाला आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील तीन सदस्यांच्या परावृत्ती मंडळापुढे पाठवतात. मंडळावर कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतील लोक असतात. माणूस व्यसनाधीन आहे की अधूनमधून घेणारा, हे ते पाहतात, व्यसनाधीनाला उपचाराकडे वळवतात, इतरांना समज देतात, क्वचित दंड करतात किंवा काही ठिकाणी जाण्यास मनाई करतात. तस्करीची शिक्षा मात्र चार ते बारा वर्षे अशीच राहिली.

डॉक्टर : परिणाम पाहा. कायद्यापूर्वी, २००० साली, सुईवाटे एचआयव्ही झाल्याची नवी निदाने हजाराहून अधिक होती. पुढच्या दशकात ती काही डझनांवर आली. अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पश्चिम युरोपातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक ठरले. तुरुंगातील कैद्यांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी आलेल्यांचा वाटा २००१ च्या आसपास चाळीस टक्क्यांच्या वर होता, तो दहा-बारा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला. आणि ज्याची सर्वांना धास्ती होती ते, म्हणजे साऱ्या जगातले नशेबाज लिस्बनला धावत येणे, घडले नाही.

वकील : हे सारे कायद्यामुळे घडले, याला पुरावा काय? औषधांच्या दुकानांतून निर्जंतुक सुया वाटण्याचा कार्यक्रम पोर्तुगालने १९९३ मध्येच सुरू केला होता, हेरॉईनऐवजी द्यायच्या मेथाडोनचे उपचारही कायद्याच्या आधीपासून वाढत होते, आणि नुसत्या सेवनासाठी तिथे २००१ पूर्वीदेखील बहुतेकांना तुरुंग नव्हे तर दंडच होत असे. मग २००१ मध्ये बदलले काय? पाटी बदलली, आणि त्याच वेळी उपचारांवर पैसा ओतला गेला. श्रेय पैशाला द्यायचे की पाटीला?

हा आक्षेप भक्कम आहे आणि पोर्तुगालचे गोडवे गाणाऱ्या लेखनात तो सहसा आढळत नाही. डॉक्टरांचे उत्तर असे होते की कायद्याचा वाटा वेगळा काढून तोलता येत नाही, परंतु शिक्षेची भीती गेल्याने लोक उपचाराला येऊ लागले आणि तुरुंगावरचा खर्च वाचला, म्हणून त्याच पैशाने अधिक काम झाले. हे पटण्याजोगे असले तरी पूर्ण उत्तर नाही, आणि पोर्तुगालची नंतरची वाटचाल वकिलांच्याच बाजूने बोलते. आर्थिक संकटाच्या काळात, २०१२ मध्ये, तिथल्या सरकारने व्यसनमुक्तीची स्वतंत्र संस्था मोडून तिची उपचारकेंद्रे प्रादेशिक आरोग्य प्रशासनांत विलीन केली आणि खर्चाला कात्री लावली. पुढच्या दशकात पोर्तू शहरात उघड्यावर नशा करणाऱ्यांविषयी तक्रारी वाढल्या, आणि महापौर रुई मोरैरा यांनी सार्वजनिक जागी केलेले सेवन पुन्हा गुन्हा ठरवावे अशी मागणी केली. कायदा तोच होता. पैसा आटला आणि यंत्रणा विस्कळीत झाली, तशी परिस्थितीही बिघडली. यावरून एवढे तरी म्हणता येते की कायद्याने दार उघडते, परंतु दारातून आत आलेल्या माणसाची सोय कायदा करत नाही.

ऑरेगनची गोष्ट वकिलांनी सांगितली, आणि ती सांगताना त्यांच्या बोलण्यात समाधान लपत नव्हते. अमेरिकेतील या राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ५८ टक्के मतांनी ‘मेजर ११०’ हा प्रस्ताव मंजूर केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्याला शंभर डॉलरच्या दंडाची पावती देण्याची पद्धत सुरू झाली. दूरध्वनीवरील मदतसेवेला फोन करून आरोग्यतपासणी करून घेतली की दंड माफ. पहिल्या पंधरा महिन्यांत त्या सेवेला फोन करणाऱ्यांची संख्या ११९ होती. बहुतेकांनी दंडही भरला नाही आणि फोनही केला नाही, कारण दोन्ही न करणाऱ्याला विचारणारे कोणी नव्हते. उपचारांसाठी गांजावरील करातून राखून ठेवलेल्या निधीचा मोठा भाग संस्थांपर्यंत पोहोचायला २०२२ चा उत्तरार्ध उजाडला. पोर्टलंडच्या रस्त्यांवर उघड सेवन दिसू लागले, लोकमत फिरले, आणि विधिमंडळाने केलेला, राज्यपाल टीना कोटेक यांनी एप्रिल २०२४ मध्ये स्वाक्षरी केलेला कायदा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला आणि पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अडीच ग्रॅमपर्यंत सूट देणारा प्रयोग जानेवारी २०२३ अखेर सुरू झाला होता. तिथेही मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांसाठी ती सूट मागे घ्यावी लागली.

डॉक्टर : ऑरेगनमध्ये मृत्यू वाढले हे खरे, परंतु ते त्या कायद्याने वाढले का, यावर संशोधकांत एकमत नाही. २०२३ मधील एका अभ्यासाने कायद्याशी वाढीचा संबंध दाखवला, दुसऱ्याला तो आढळला नाही, आणि पुढच्या वर्षी फेंटानिलच्या प्रसाराचा हिशेब धरल्यावर तो संबंध उरत नाही असे दिसले. फेंटानिल हे हेरॉईनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असे कृत्रिम द्रव्य आहे, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ते नेमके त्याच सुमारास पसरले. पुराचा दोष पुलाच्या नव्या रंगाला देण्यासारखे ते आहे.

वकील : मृत्यूंचे सोडा, ११९ फोनांचा दोष तरी फेंटानिलला देता येणार नाही. पोलीस बाजूला झाला आणि त्याच्या जागी एक दूरध्वनी क्रमांक ठेवला गेला. माणूस नशेत असताना क्रमांक फिरवत नाही, हे कळायला मनोविकारशास्त्राची पदवी लागत नाही.

डॉक्टरांनी हे मान्य केले, आणि इथपासून संवादाचा रोख बदलला; कारण शिक्षा असावी की नसावी याऐवजी पोलिसाच्या जागी कोणाला उभे करायचे, हा प्रश्न दोघांसमोर आला. पोर्तुगालने मंडळ उभे केले, ऑरेगनने पावती. भारताने काय उभे केले आहे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटेल, कारण भारतीय कायद्यात उपचाराचे दार आधीपासूनच आहे. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ नुसार, दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीला तिच्या संमतीने उपचारासाठी बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कागदावर ही तरतूद पोर्तुगालहून फारशी दूर नाही. तरीही मुंबईच्या त्या हजारो प्रकरणांत आरोपी दंड भरून गेले.

डॉक्टर : कारण ही तरतूद आरोपीने मागायची आहे, आणि मागायला ती माहीत असावी लागते. पकडलेल्या माणसाची कोठडीतच ‘टर्की’ सुरू झालेली असते, म्हणजे पदार्थ न मिळाल्याने अंग मोडून येते, उलट्या होतात, नाक गळते. त्याला तेव्हा एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे बाहेर पडणे. शिवाय तरतूद फक्त व्यसनाधीनासाठी आहे. महिन्यातून एकदा गांजा ओढणारा व्यसनाधीन नाही, त्याला उपचाराची गरज नाही, म्हणून त्याला संरक्षणही नाही. ज्याचा आजार सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला निव्वळ शिक्षा उरते.

वकील : आणि मागितले तरी पाठवायचे कुठे? इथेच घोडे पेंड खाते. न्यायाधीशाला आदेश काढता येतो, खाट काढता येत नाही.

वकिलांचे हे वाक्य राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या निष्कर्षाशी जुळणारे आहे. अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या त्या सर्वेक्षणाने सुमारे ७७ लाख अंदाजली होती, आणि बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीसजणांमागे जेमतेम एकापर्यंत उपचार पोहोचत असल्याचे नोंदवले होते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर इतिहासाने येथे दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुरू केल्या. एनडीपीएस कायदा नोव्हेंबर १९८५ मध्ये लागू झाला. ऑगस्ट १९८६ मध्ये, अनिल अवचट यांच्या गर्दविषयीच्या, म्हणजे भेसळयुक्त हेरॉईनविषयीच्या, लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. कायदा राज्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात पोहोचला. उपचार मात्र अशा थोड्या ध्येयवादी संस्थांच्या, आणि अलीकडे वाटेल तशा निघालेल्या खासगी केंद्रांच्या भरवशावर राहिले. त्यांतील काही केंद्रांत रुग्णाला कोंडून ठेवणे हाच उपचार असतो, म्हणून डॉक्टरांनी या टप्प्यावर स्वतःच्याच बाजूला एक इशारा दिला: शिक्षेऐवजी सक्तीचे उपचार आले आणि ते अशा केंद्रांत झाले, तर तो नाव बदललेला तुरुंगच ठरेल, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम व्यसनाशी निगडित विकारांनाही लागू असताना ते कायद्यालाही धरून होणार नाही.

यानंतर वकिलांनी वजनाचा मुद्दा काढला, जो सर्वसामान्य चर्चेत येत नाही पण ज्यावर खटल्यांचे भवितव्य ठरते. २००१ पूर्वीच्या कलम २७ मध्ये स्वतःच्या सेवनासाठी अल्प साठा बाळगणाऱ्याला वेगळी, सौम्य शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने हेतूचा तो निकष सोडून वजनाचे तक्ते आणले: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि त्यांच्या मधले. हेरॉईनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम, गांजाचे १ किलो आणि २० किलो. त्यातच भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवले, त्यामुळे भेसळच अधिक असलेल्या गर्दच्या पुड्या बाळगणारा माणूस वजनाच्या तक्त्यात चटकन वर सरकतो.

वकील : पोर्तुगालमध्ये हेरॉईनची मर्यादा १ ग्रॅम आणि गांजाची २५ ग्रॅम आहे. आपल्याकडचा ‘अल्प प्रमाणा’चा तक्ता जसाच्या तसा उचलून सूट दिली, तर नऊशे ग्रॅम गांजा घेऊन फिरणारा पेडलरही ‘सेवनकर्ता’ ठरेल. २०२१ च्या त्या शिफारशीवरच्या चर्चेत याचा विचार कोणी केलेला दिसला नाही.

डॉक्टर : हा तक्ता शिक्षा मोजण्यासाठी केला होता, माणूस ओळखण्यासाठी नव्हे, सूट द्यायची तर वेगळा आणि बराच आखूड तक्ता लागेल, यात वाद नाही. पण तक्ता कितीही आखूड केला तरी पुड्या, वजनकाटा, रोकड, फोनमधील संदेश हे विक्रीचे पुरावे पाहावेच लागतील. ते काम पोलिसांचेच राहील आणि ते त्यांनी करावे.

येथवर दोघांमधले अंतर बरेच कमी झाले होते. ते पुन्हा वाढले ते मेफेड्रोनमुळे, म्हणजे मुंबई-पुण्याच्या बोलीत ‘एमडी’मुळे. हे रसायनशाळेत तयार होणारे उत्तेजक द्रव्य फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आले. त्याचे अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम. राज्यातील नशेचे स्वरूप त्याने बदलले आहे, आणि वकिलांनी त्याच्या आधारे जो प्रश्न केला तो या संवादातील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

वकील : पोर्तुगालचे यश हेरॉईनवरचे आहे. हेरॉईनला मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. माणसाला रोज गोळी द्या, त्याची टर्की थांबते, सुई सुटते, तो कामावर जातो. एमडीला अशी कोणती गोळी आहे? नसेल, तर शिक्षेच्या जागी औषध आणायचे हे वाक्य गर्दपुरते खरे आहे, आणि आजच्या मुंबईत ते अपुरे आहे.

डॉक्टर : गोळी नाही, हे खरे. उत्तेजकांसाठी उपचार आहेत ते समुपदेशनाचे, कुटुंबाला सोबत घेण्याचे, आणि दर आठवड्याला लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटे बक्षीस देण्याच्या पद्धतीचे. त्यांना वेळ लागतो आणि माणसे लागतात. पण तुरुंगात तरी एमडीची कोणती गोळी आहे? ज्या आजारावर औषध नाही त्याला शिक्षा द्यावी, असा नियम इतर कोणत्या आजाराला लावला जातो?

वकील : शिक्षा औषध म्हणून नाही, धाक म्हणून. एकवीस वर्षांचा मुलगा एमडीने आजारी पडण्याआधी एमडी पहिल्यांदा घेतो, आणि त्या पहिल्या वेळेला धाक कामाला येतो.

धाकाच्या परिणामाविषयी डॉक्टरांचा युक्तिवाद असा की १९८५ पासून, म्हणजे चाळीस वर्षे, धाक आहेच आणि तरीही गर्दमागून एमडी आली. वकिलांचा प्रतियुक्तिवाद असा की धाक नसता तर किती आली असती हे कोणी पाहिलेले नाही. दोन्ही विधाने सिद्ध करता येणारी नाहीत. मात्र धाक गांजा ओढणाऱ्या मजुराला आणि एमडी घेणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला सारखा बसत नसेल, तर तो न्यायाचा भाग म्हणून मांडणे अवघड जाते, आणि मुंबईतील प्रकरणांवरून तो सारखा बसत नाही, असेच दिसते.

अखेरीस डॉक्टरांनी तीन गोष्टी सुचवल्या. पकडलेल्या व्यक्तीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच, कलम ६४-अ चा लाभ हवा आहे का, हे दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून विचारावे. जिल्हा रुग्णालयांत व्यसनोपचाराच्या खाटा आणि ब्युप्रेनॉर्फिनचे केंद्र आधी उभे राहावे आणि मगच कायदा बदलावा. अधूनमधून घेणाऱ्याकडील पदार्थ जप्त करून त्याला मंडळापुढे पाठवावे, त्याच्यावर शिक्षेची नोंद होऊ देऊ नये. पहिल्या दोन सूचना वकिलांनी तात्काळ मान्य केल्या. तिसरी गांजापुरती मान्य केली, एमडीसाठी नाही.

वकील : गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये मंडळावर बसायला मनोविकारतज्ज्ञ कुठून आणणार?

डॉक्टर : मंडळावर मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही, पोर्तुगालमध्येही एक वकील आणि दोन समाजकार्यकर्ते किंवा मानसशास्त्रज्ञ पुरतात. समाजकार्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडणारे तरुण या राज्यात कमी नाहीत.

वकील : मग ते दोन जिल्ह्यांत चालवून पाहू, आणि तोवर कलम २७ पुस्तकात राहू द्या.

डॉक्टर : कलम पुस्तकात असेपर्यंत मंडळापुढे आलेला माणूस खरे बोलणार नाही.

वकील : आणि कलम नसेल तर तो येणारच नाही. ऑरेगनमध्ये आला का?

डॉक्टर : ऑरेगनमध्ये त्याला कोणी बोलावलेच नव्हते, नुसता क्रमांक दिला होता. पोर्तुगालमध्ये पोलीस त्याला मंडळाकडे पाठवतात, ठरलेल्या दिवशी हजर राहायला सांगतात, आणि दंड आकारण्याचा अधिकार मंडळाला आहे. फौजदारी कलम नाही, पण बोलावणे आहे.

वकील : तर मग ते बोलावणे कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली काढायचे, त्याचा मसुदा आधी करा, बाकीचे त्यावर बोलू.